आपले आगर आणि आपली बाग

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी शिरवणे येथे झालेले भाषण)



मंडळाच्या बागकाम शाखेने येत्या वर्षात काय काय करण्याचे योजिले आहे आणि त्यातून सभासदांस काय शिकावयास मिळेल, हे सांगण्याची कामगिरी कार्यकारी मंडळाने आम्हांवर सोपविली आहे. संमेलनात भाषणांची गर्दी असते आणि मुदपाकखान्याकडून येणारा वास श्रोत्यांचे चित्त कोठे नेतो हेही आम्ही जाणतो. म्हणून प्रास्ताविकात वेळ न दवडता विषयास हात घालतो.

तथापि एका आक्षेपाचा परामर्श आधी घेतला पाहिजे. शाखेची वर्गणी मागण्यास आम्ही घरोघर गेलो तेव्हा पुष्कळांनी दोन प्रश्न विचारले. बाग हा बंगलेवाल्यांचा शौक, आपणां आगऱ्यांचा त्याच्याशी संबंध काय, हा पहिला. आणि बाग करावयास जमीन उरली आहे कोठे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नावातच आहे. आगरी हे नाव आगर या शब्दावरून आले असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि आगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिठाचे वाफे उभे राहतात. परंतु थोडे दक्षिणेस अलिबाग-मुरुडकडे जा; तेथे नारळी-पोफळीच्या बागेसही आगरच म्हणतात. खाऱ्या पाण्यातून मीठ काढणारा आणि वाळूच्या भूमीतून नारळ काढणारा, या दोघांच्याही कामाच्या जागेस भाषेने एकच नाव दिले आहे. तेव्हा बागेचा आपणांशी संबंध काय हे कोणी आपणांस विचारू नये!

दुसरा प्रश्न अधिक खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. आपले शिरवणे त्यांपैकीच एक. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा इतिहास या सभागृहात कोणास सांगावयास नको. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेली, ती परत येणार नाही.

पण जमिनीचे संपादन झाले तेव्हा तिच्याविषयीच्या ज्ञानाचे संपादन कोणी केले नव्हते. ते ज्ञान आपल्याच घरांत राहिले. त्याची नोंद सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून त्याचा मोबदलाही कोणी दिला नाही. १९७० साली जी सून वीस वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. कोणता वाल कोणत्या नक्षत्रावर टोचावा, शिराळ्याचे बी कसे राखेत घोळून ठेवावे, पडवळाला दगड का बांधावा, हे तिला ठाऊक आहे. तिच्या नातवाला ठाऊक नाही. ही पिढी आपल्यात आहे तोवर हे शिकून घेता येईल, पुढे नाही. शाखेच्या यंदाच्या कार्यक्रमामागे हा विचार आहे. गुलाबाच्या कुंड्या मांडून बक्षिसे वाटण्यास आमचा विरोध नाही, परंतु त्याच्यासाठी शाखा काढण्याची गरज नव्हती.

हे ज्ञान किती मोलाचे होते याचे एक उदाहरण विस्ताराने सांगतो. खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकविणे ही सोपी गोष्ट नव्हे. आपले पूर्वज बांध घालून भरतीचे पाणी अडवीत, बांधाला उघाडी ठेवीत. पावसाचे पहिले पाणी शेतात कोंडून ठेवीत आणि मिठाचा अंश त्यात उतरला की ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते खाडीत सोडून देत. असे करून जमीन गोडी झाली की मोड आणलेले भात चिखलात फेकीत. त्यासाठी बियाणेही खास असे: काळा रता आणि भुरा रता. ही भाते दिसावयास रांगडी, दाणा जाड, पण खाऱ्या जमिनीत टिकून राहणारी. पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे. १९७२ साली दापोलीस स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे ते केंद्र होय. तेथील शास्त्रज्ञांनी ह्याच गावठी रत्यांतून निवड करून सुधारित वाण काढले आणि निवडलेल्या भुऱ्या रत्याचा आयआर-८ ह्या बुटक्या भाताशी संकर करून पनवेल-१ आणि पनवेल-२ ही खार सोसणारी भाते तयार केली. म्हणजे विद्यापीठाच्या विद्वानांनी आपल्या आजोबांच्या कणगीतून बी नेले आणि त्यावर शास्त्राची इमारत उभारली. हे केंद्र आपल्या दारापासून फार तर एका तासाच्या अंतरावर; पण आपल्या तरुणांपैकी किती जणांनी ते पाहिले आहे? भाताला लोंब्या आल्यावर, आश्विनाच्या सुमारास, केंद्राची परवानगी मिळवून सभासदांस तेथे नेण्याचा शाखेचा मानस आहे. वृद्ध मंडळींनी अवश्य यावे. काळा रता ओळखून दाखविण्याचे काम त्यांचे.

कोणी म्हणेल, खारजमिनीची विद्या आता गच्चीवर काय कामाची? तर पाहा. कुंडीच्या मातीवर काही महिन्यांनी पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपू लागतात. माणसे औषध फवारतात, अधिक खत घालतात आणि झाड अधिकच बिघडते. ती पापडी क्षारांची. पाण्यातून व खतातून आलेले क्षार मागे राहतात आणि पाणी उडून जाते. मिठागरात जे आपण मुद्दाम घडवून आणतो, तेच कुंडीत नकळत घडते. उपायही पूर्वजांचाच. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे ठेवावे आणि पावसाळ्याच्या आरंभी भरपूर गोडे पाणी वरून घालून खालून वाहू द्यावे. ते भोक हीच कुंडीची उघाडी समजावी. बुजलेल्या भोकाच्या कुंडीत बाग करणे म्हणजे उघाडी नसलेल्या शेतात भात लावणे होय.

आता वर्षाचा कार्यक्रम. त्याचा आरंभ वैशाखात अक्षय्य तृतीयेस करावयाचा आहे. ह्या दिवशी आळी करून भाजीपाल्याच्या वेलांचे बी टोचण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, तिला धरूनच शाखेने बियाण्यांच्या देवघेवीचा दिवस ठरविला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेत कधी न गेलेल्या या भगिनीने वाल-घेवड्याचे, भाताचे आणि रानभाज्यांचे गावठी बी जमवून त्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या घरांतून असे बी अजून असेल अशी आमची खात्री आहे. कोठे पोटमाळ्यावरच्या डब्यात, कोठे माहेरून आलेल्या पुरचुंडीत. विकतचे संकरित बी चांगले येते, त्याची निंदा आम्ही करीत नाही. पण त्याच्या फळातून पुढच्या वर्षी जे बी धराल ते पहिल्यासारखे उतरत नाही, म्हणून दर वर्षी दुकानात जावे लागते. गावठी बी जपले तर वर्षानुवर्षे चालते. वालाच्या बाबतीत एक सूचना करून ठेवतो. गावठी वालाचे पुष्कळसे वेल दिवस लहान झाल्यावाचून फुलत नाहीत. वेल नुसताच माजला म्हणून भाद्रपदात उपटून टाकू नये, दिवाळीपर्यंत धीर धरावा.

आषाढ-श्रावणात आंब्याच्या कोय कलमाचा वर्ग होईल. यात आमचा विशेष जीव आहे, कारण ही विद्या एका दुपारी हाती येते आणि जन्मभर टिकते. कोयी ओल्या वाफ्यात रुजत घालावयाच्या. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अद्याप तांबूस असताना, कोयीच्या वर चार बोटांवर शेंडा छाटून खोडाला उभी चीर द्यावयाची. चांगल्या हापूसची तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची काडी आणून तिला पाचरीसारखा काप घ्यावयाचा. ती पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाचे. काडीवरील पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापली असली म्हणजे डोळा फुगून तयार असतो. पावसाळी हवेतला ओलावा या कामास अनुकूल, म्हणून मुहूर्त पावसाळ्याचा. हे शिकल्याचा आणखी एक लाभ असा की रस्त्यावरचा विक्रेता साधे रोप हापूसचे कलम म्हणून गळ्यात मारू लागला, तर सांधा कोठे आहे ते दाखव बाबा, असे आपणांस विचारता येईल.

गच्चीवर बाग करणारांसाठी स्वतंत्र वर्ग भाद्रपदानंतर ठेवला आहे. याविषयी एक धोक्याची सूचना आताच देतो. ओली माती फार जड असते. एक घनफूट मातीचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरते. कोणाचाही सल्ला न घेता गच्चीवर वाफे बांधून माती ओतणे हे घराशी वैर करणे आहे. गारगोटीचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या नावाने महाराष्ट्रभर शेतकऱ्यांचे व हौशी बागाइतांचे जाळे विणले, आणि थोड्या जागेत, पालापाचोळ्याच्या जोरावर किती पिकविता येते हे दाखवून दिले. त्याच वाटेने जाऊन रसवंतीची चिपाडे, सुका पाला, नारळाची सोडणे, स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि मूठ-दोन मूठ माती यांवर वांगी, मिरची, माठ, अळू कसे घ्यावे हे या वर्गात प्रत्यक्ष करून पाहावयाचे आहे. ज्यांना खिडकीच्या कठड्यापलीकडे जागा नाही त्यांनी निराश होऊ नये. बाजारात समुद्रमेथी म्हणून जी इवलीशी जुडी मिळते ती वाळूतच दाट पेरून काढलेली असते. उथळ ट्रेमध्ये ओली वाळू घालून तीही दोनेक आठवड्यांत खुडता येते. तुर्भ्याचा घाऊक भाजीबाजार शेजारी असता हा खटाटोप कशास, असे आमचे एक स्नेही विचारीत होते. त्यांना आम्ही विचारले, गौरीला लागणारा तेरडा यंदा कोठून आणलात? पूर्वी पावसाळ्यात पारसिकच्या उतारावर जाऊन तो मुळासकट उपटून आणीत. आता दादरच्या फूलबाजारात पैसे मोजावे लागतात. ते काही बोलले नाहीत.

सहलींविषयी थोडक्यात सांगतो. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ते भरविणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे. (नावातील 'ॲग्री' वाचून आमच्या एका तरुण सभासदास ती आपलीच ज्ञातिसंस्था वाटली, हे जाता जाता.) मुंबईस भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे १८६२ साली उघडलेल्या आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, हिवाळ्याच्या अखेरीस महानगरपालिकेचे प्रदर्शन असते. दोन्ही पाहण्याजोगी आहेत. परंतु एकच सहल करणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे असे आम्ही सुचवू. मिठी नदीकाठी जेथे शहराचा कचरा टाकला जाई, त्या ढिगावर माती घालून झाडे लावली आणि १९९४ साली ते लोकांसाठी उघडले. आज तेथे अरण्यासारखी सावली आहे.

तरुणांसाठी एक निराळे काम काढले आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यान्वये आपल्या स्वतःच्या आवारातील झाडदेखील वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्ष मानून विशेष संरक्षण दिले आहे. या शहराचेच वय पन्नाशीच्या थोडे पुढे. याचा अर्थ गावठाणातील जुना वड, पिंपळ, चिंच, फणस हे सारे शहराहून वडील आहेत. शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी दोन-दोनच्या जोडीने फिरून अशा प्रत्येक झाडाचा घेर मोजावा, ते कोणी लावले, त्याच्या सावलीत काय चाले, हे आजीआजोबांस विचारून लिहून घ्यावे आणि यादी शाखेकडे द्यावी. पुढे कोठे रस्तारुंदीचा प्रश्न आला तर ही यादी हातात असलेली बरी.

पौषात पोपटी आहेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, पाण्याचा थेंब नाही आणि वरून जाळ, ही कृती सांगण्याची आवश्यकता नाही. यंदाची अट एवढीच की निदान ओंजळभर शेंगा प्रत्येकाने स्वतः लावलेल्या वेलाच्या आणाव्या. ज्यांचा वेल आला नाही त्यांनाही जेवावयास मिळेल. त्यांच्यावर पुढील वर्षीच्या बियाण्याचा भार टाकण्यात येईल.

वर्गांस शुल्क नाही, साहित्याचा खर्च मात्र वाटून घ्यावयाचा आहे. भगिनींनी नावे नोंदविताना आपल्या सासूबाईंचे नावही आपल्या नावापुढे लिहावे. त्या शिकविणाऱ्या म्हणून येतील, तुम्ही शिकणाऱ्या म्हणून. अक्षय्य तृतीयेस बी आणताना ते उन्हात वाळवून कागदाच्या पुडीत आणावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नये, आणि पुडीवर तीन गोष्टी लिहाव्या: घरात त्या भाजीला कोणत्या नावाने हाक मारतात, बी कोणत्या गावाहून आले, आणि ते कोणी दिले. पुड्या स्वीकारण्याची व्यवस्था सभागृहाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर सकाळी नऊपासून असेल.