रात्री दोनचा निर्णय

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील सहकारी, आणि आपापले शुश्रूषा केंद्र दोन दिवस दुसऱ्याच्या हवाली करून राज्यभरातून इथे आलेल्या व्यवस्थापक मित्रमैत्रिणींनो,

'दुसऱ्याच्या हवाली करून' हे मी मुद्दाम म्हटले. सकाळपासून पाहते आहे, दर थोड्या वेळाने कोणीतरी फोन घेऊन व्हरांड्यात जाते आणि 'डॉक्टरांना विचारलं का?', 'चावी कपाटावर आहे', 'मुलाला इतक्यात कळवू नका, मी बोलतो' अशी वाक्ये आत ऐकू येतात. आपल्याशिवाय केंद्राचे पान हलत नाही याचा आपल्याला थोडासा अभिमानही असतो. अध्यक्ष म्हणून मिळालेला हा वेळ मी त्या अभिमानाविरुद्ध बोलण्यासाठी वापरणार आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण या कामात आडवाटेने आले. कोणी रुग्णालयात मेट्रन होते, कोणी डॉक्टर, कोणी आपल्याच आईच्या आजारपणात सोय सापडली नाही म्हणून ती स्वतः उभी केली. व्यवस्थापन शिकून कोणीच आले नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, आणि त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. त्यातले अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले, नळीवाटे अन्न घेणारे लोक आपल्याकडे येतात. त्यांना सांभाळणाऱ्या केंद्राच्या प्रमुखाला काय यायला हवे, हे मात्र आपल्याकडे कोणी ठरवलेले नाही. अमेरिकेत १९६७ च्या कायदेदुरुस्तीने शुश्रूषा केंद्राच्या प्रशासकाला राज्याचा परवाना सक्तीचा झाला. म्हणून तिथे सारे आलबेल आहे असे समजू नका. आता जी घटना सांगणार आहे, ती तिथलीच आहे.

सप्टेंबर २०१७. फ्लोरिडातल्या हॉलिवुड नावाच्या गावात वृद्धांचे एक मोठे केंद्र होते, दीडशेच्या आसपास रहिवासी. १० तारखेला इर्मा वादळ आले आणि वातानुकूलन यंत्रणेला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर बंद पडला. दिवे चालू होते, पंखे चालू होते, गारवा देणारी छोटी यंत्रेही आणून लावली होती. वीज कंपनीला फोन झाले, सरकारकडे फोन झाले. 'येतो' म्हणून उत्तरे आली. दोन दिवस उलटले, तिसरी रात्र आली. १३ तारखेच्या पहाटे माणसे मरू लागली. काहींच्या शरीराचे तापमान १०७ फॅरनहाइटच्या वर गेले होते. त्या उकाड्याने एकूण १२ जण दगावले. रस्त्याच्या पलीकडे, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, वातानुकूलित मोठे रुग्णालय चालू होते. शेवटी त्या रुग्णालयाचेच कर्मचारी धावत आले आणि त्यांनी इमारत रिकामी केली.

पुढे खटला झाला. प्रशासकाला न्यायालयाने २०२३ मध्ये निर्दोष ठरवले, तेव्हा दोष कोणाचा हे सांगायला मी उभी नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला: वीज गेल्यावर ९६ तास आतले तापमान ८१ फॅरनहाइटच्या वर जाऊ न देणारा जनरेटर प्रत्येक केंद्रात हवा. कायदा चांगलाच आहे. पण मला त्या घटनेत जनरेटरच्या अभावापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते. प्रत्येक जण आपल्या वरच्याला कळवत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. 'आता पुरे, यांना रस्ता ओलांडून न्या' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असे त्या रात्री, त्या मजल्यावर उभ्या असलेल्या कोणाला वाटले असेल का? चंद्रपूर-नागपूरच्या सहकाऱ्यांना मे महिन्यातली दुपार आणि गेलेली वीज यांबद्दल मी वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडची रात्र घ्या. एक सिस्टर, दोन मावशी, एक मामा, खाली वॉचमन. त्यातली एक मावशी ब्यूरोतून आठवड्यापूर्वी आलेली, तिला अजून सगळ्या आजोबांची नावेही पाठ नाहीत. सर्वांत कमी पगार तिचा, आणि रहिवाशाच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ हात लागतो तोही तिचाच. दर दोन तासांनी कूस ती बदलते, डायपर ती बदलते, घोट घोट पाणी ती पाजते. म्हणून बिघाड पहिल्यांदा दिसतो तो तिलाच. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर पुष्कळदा ताप येत नाही, जळजळ होत असल्याचे तो सांगत नाही. एकदम भलतेच बोलू लागतो किंवा नुसता मलूल पडतो. मावशी म्हणते, 'आजी आज नेहमीसारख्या नाहीत हो.' यावर 'तू डॉक्टर आहेस का?' असे उत्तर मिळाले, की ती पुन्हा कधी तोंड उघडत नाही. तुमच्या केंद्रातले सर्वांत संवेदनशील यंत्र तुम्ही एका वाक्याने बंद केलेले असते. नेतृत्वावरची जाड पुस्तके वाचायची तर जरूर वाचा, पण त्याआधी पाळी बदलताना होणाऱ्या निरोपात मावशीला उभे करा, तिला आधी बोलू द्या, आणि ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा.

दुसरे म्हणजे, तिला आणि रात्रीच्या सिस्टरला काय काय न विचारता करता येईल हे लिहून द्या. तोंडी नको, सहीनिशी. शुद्धीत असलेल्या मधुमेही आजोबांची साखर ७० च्या खाली दिसली, तर आधी साखरपाणी आणि मग फोन. धाप वाढली, तोंड वाकडे झाले, पडून डोक्याला मार लागला, तर आधी १०८ आणि मग मला फोन. खोलीत धूर दिसला, तर आधी माणसे बाहेर. आणि त्याखाली व्यवस्थापकाने एक वाक्य लिहायचे: 'या यादीप्रमाणे वागून खर्च वाया गेला तरी कोणाला बोलणी बसणार नाहीत.' आपल्याला जड जाते ते हे वाक्यच. कारण रात्री नेलेले आजोबा सकाळी ठणठणीत परत येतात, रुग्णालयाचे बिल येते आणि मुलगा विचारतो, 'कोणाला विचारून नेलं?' त्या वेळी सिस्टरच्या पुढे आपण उभे राहिलो की मागे, यावर पुढच्या सगळ्या रात्री ठरतात.

नातेवाइकांशी करायची बोलणी म्हणून दाखल करतानाच व्हायला हवीत. कोणत्या रुग्णालयात न्यायचे, अनामत रक्कम कोण भरणार, मुलगा परदेशात झोपलेला असेल तर दुसरा फोन कोणाचा. आणि रहिवाशाला स्वतःला शेवटी काय हवे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. तरी हा विषय प्रवेशाच्या अर्जात घालायला आपण कचरतो. अशुभ वाटते म्हणे. साठ खाटांच्या केंद्रात हा संकोच परवडणारा नाही.

रहिवाशांकडे वळते. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका केंद्रात केलेला प्रयोग आपल्याला विशेष लागू पडतो, कारण त्यात मुख्य काम प्रशासकाचे होते. त्याने दोन मजल्यांवर दोन वेगवेगळी भाषणे केली. एका मजल्यावर सांगितले, तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. हे रोप घ्यायचे का, आणि कोणते, तेही तुम्हीच ठरवा, आणि त्याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, तुम्हाला सुखात ठेवणे ही आमची जबाबदारी. हे तुमचे रोप, परिचारिका पाणी घालतील. दीड वर्षाने पाहिले तर पहिल्या गटात ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यात ४४ पैकी १३. गट लहान होते, त्यावरून आयुष्य वाढते असा दावा मी करणार नाही. पण त्या दोन भाषणांतले आपण रोज कोणते करतो? दुसरे. तेही प्रेमाने.

आपले अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषा केंद्राची हकीकत दिली आहे. बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले. पक्षी आले, पिंजरे आलेच नाहीत, आणि सगळा थवा केंद्रातल्या केशकर्तनाच्या खोलीत मोकळा सुटला. आपण असतो तर त्या दिवशी राजीनामा दिला असता. तिथले म्हातारे मात्र खळखळून हसले. त्याच पुस्तकात गावंडे यांचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आजोबाही आहेत. फार म्हातारपणीही ते घोड्यावरून शेतावर फेरी मारत. आपल्याकडे दाखल झाले असते, तर पहिल्याच दिवशी आपण त्यांच्या कागदावर 'पडण्याचा धोका' असा शेरा मारून खाटेचे कठडे वर केले असते. घोडा सोडा, आपण त्यांना आंघोळीची वेळही ठरवू देत नाही.

नाकातली नळी ओढू नये म्हणून हात बांधायचे, हेही त्यातलेच. अमेरिकेने सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी बांधून ठेवायला १९८७ मध्ये कायद्याने मनाई केली. आपण निदान बांधल्याची नोंद, कारण आणि वेळ वहीत लिहायला सुरुवात करू.

सरकारकडे मागण्या पुष्कळ आहेत, मी दोनच मांडते. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुळात रुग्णालये आणि प्रसूतिगृहे डोळ्यांपुढे ठेवून झाला. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट करतो. आपण या दोन्हींच्या मधल्या फटीत आहोत; कोणी न्यास म्हणून नोंदलेले, कोणी शुश्रूषागृह म्हणून, कोणी दुकाने व आस्थापना कायद्याखाली. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र नोंदणी आणि रात्रपाळीतल्या किमान मनुष्यबळाचा नियम हवा, ही पहिली मागणी. प्रशासकांसाठी विद्यापीठाने चालवलेला, खऱ्या केंद्रात काम करायला लावणारा अभ्यासक्रम हवा, ही दुसरी. नियम आले की आपल्यातली काही केंद्रे अडचणीत येतील, हे मला माहीत आहे. तरीही ते यावेत.

सरकारसाठी थांबू नका. परत गेल्यावर एका रात्री न सांगता केंद्रात जा, वह्या तपासू नका. सर्वांत नव्या मावशीजवळ बसा आणि तिला विचारा: आत्ता या आजींना धाप लागली, तर मला न विचारता तुम्ही काय कराल? ती 'तुम्हालाच विचारीन साहेब' म्हणाली, तर ती यादी त्याच रात्री लिहायला घ्या आणि तिच्याकडून वाचून घेऊन मगच सही करा.