दोन फेऱ्यांमधला रंग

जून २०२० मध्ये आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते आठवत असेलच. मी शाळेत चित्रकला शिकवते. टाळेबंदीच्या त्या दिवसांत मोबाइलवर आलेले फोटो पाहून मी घरीच सरोवराचे चित्र रंगवले. गुलाबी रंग सढळ हाताने वापरला. सगळ्यांना चित्र आवडले. पुढे एका हिवाळ्यात लोणारला खोली घेऊन पंधरा दिवस चित्रे काढत राहिले, तेव्हा मात्र त्या चित्राचा संकोच वाटू लागला.

सोबत मी दोन छायाचित्रांच्या प्रती नेल्या होत्या. लँडसॅट-८ या उपग्रहाने टिपलेली ही छायाचित्रे नासाने प्रसिद्ध केली होती. एक २५ मे २०२० चे, दुसरे १० जूनचे. पहिल्यात सरोवर हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. खरे तर उपग्रह आकडे पाठवतो. खालून येणारा तांबडा, हिरवा, निळा प्रकाश तो वेगवेगळा मोजतो. ते आकडे एकत्र केले की चित्र तयार होते. त्यातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब-रुंद जागा. त्या जागेला तारीख असते, वेळ असते. माझ्या चित्राला यातले काहीच नव्हते.

रंगाचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत कळले. खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव तिथे फोफावले होते. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, ते त्यांच्या पथ्यावर पडले. नमुन्यातले जीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे गुलाबी रंग पाण्याचा नव्हताच.

मग मी विवराच्या कडेवरची एकच जागा धरली. रोज सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता एकेक छोटे जलरंगचित्र काढले. मागे तारीख, वेळ आणि आभाळ कसे होते ते लिहिले. दुपारी हिरवे दिसणारे पाणी, कडेची सावली चढली की काळपट व्हायचे. पाणी तेच, बदलला तो प्रकाश. वेळ लिहिली नसती, तर हे सांगता आले नसते.

२५ मे ते १० जून, बरोबर सोळा दिवस. हा उपग्रह एका जागेवरून सोळा दिवसांनीच पुन्हा जातो. ढग आडवे आले तर तीही फेरी वाया. मधल्या दिवसांत सरोवराकडे पाहायला गुराखी आहेत, पुजारी आहेत, शाळेतली मुले आहेत. २०२० मध्येच लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. इथल्या पाण्याचा खारेपणा हेच त्याचे वेगळेपण. तो बिघडू लागला, तर त्याची खूण रंगातही उमटू शकते. म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती, मुलांना सरोवर जरूर काढायला सांगा; फक्त मागे तारीख आणि वेळ लिहायला लावा.

माझे ते गुलाबी चित्र मी फाडले नाही. त्याच्या मागे एवढेच लिहिले : ‘घरी बसून, फोटोवरून काढले.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)