वेण्णेतले लहान शिंपले

महाबळेश्वरहून निघालेली वेण्णा मेढ्यावरून कण्हेर धरणात उतरते, माहुलीला कृष्णेत मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीला जाते. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णाकाठी मेलेल्या माशांचा खच पडला होता, हे अनेकांना आठवत असेल.

मळीसारखे सांडपाणी नदीत आले, की ते कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. स्वच्छ पाण्यात 25 अंश तापमानाला तो लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम असतो. दोनाच्या खाली गेला, की बहुतेक मासे तडफडून मरतात. हे झाले गुदमरणे. ते निदान दिसते, त्याची बातमी होते.

विषाचे काम मात्र गुपचूप चालते. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असते. मोरचुदातले तांबे ओढ्यात उतरले, तर माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि अंगातले क्षार बाहेर निसटतात. गोगलगायींना तर मोरचूद इतके घातक, की त्यांना मारायला माणसाने तेच वापरले! फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंतले एक विकर बंद पाडतात. मासा लगेच मरतो असे नाही. तो भोवंडतो, तिरका पोहतो आणि बगळ्याला आयता सापडतो. अशा माशाची नोंद कोण ठेवणार?

प्रयोगशाळेत 96 तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा मोजतात. मोजमाप उपयोगी आहे, पण नदीतल्या जिवाला वर्षानुवर्षे त्याच पाण्यात काढायची असतात.

शिंपल्याचेच बघा. तो पाणी गाळून पोट भरतो, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्याच्या अंगात साठत जातात. विषारी पाणी आले, की तो कवच मिटून घेतो. पण किती दिवस मिटून राहणार? शिवाय गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे गेले, की पिलांचा आधार गेला. मोठे शिंपले मात्र पुढेही काही वर्षे जगतात, म्हणून नदी भरलेली वाटते.

वेण्णेच्या वरच्या खोऱ्यात भाताची खाचरे आणि स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत, फवारणीही आहे. पाणी ओसरल्यावर मेढ्याच्या शाळांतील मुलांनी शिक्षकांबरोबर काठाशी जाऊन बघावे, मोठ्या शिंपल्यांत बोटाच्या पेराएवढे लहान शिंपले सापडतात का. सापडलेले मोजून, लिहून ठेवून पुन्हा पाण्यात सोडावेत.