आमच्या घराची दुरुस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही स्थापत्यशास्त्र शिकलेली नाही. पण चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे.

आमचे घर शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. लाकडी खांब, तुळया, वर मंगलोरी कौले. 1961 साली 12 जुलैला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा खालच्या मातीच्या भिंती बसल्या. मामंजींनी त्या विटांच्या बांधून घेतल्या. त्यानंतर घराला मोठा हात लागला नव्हता. पावसात वरच्या खोलीत पातेली मांडायची. न्हाणीघरही वरच, आणि सासूबाईंना तर जिना चढवेना.

सगळे पाडून तीन मजले बांधावेत, असे यजमानांच्या मनात होते. एक ठेकेदार म्हणाला, "सुट्टीच्या दिवसांत स्लॅब टाकून देतो, मग कोण विचारतो?" आम्ही पन्नास हजार रुपये विसारही देऊन बसलो. चौकशी केली ती त्यानंतर!

शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक. 2010 साली कायद्यात बदल झाला, त्याप्रमाणे अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. पाडून पुन्हा बांधणेही त्यातच आले. त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊन बांधता येते. मात्र आतल्या पट्ट्यातले घर 16 जून 1992 च्या आधीचे असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे शिफारशीसाठी जातो. तुमच्यापैकी ज्या दूर राहतात, त्यांना इतका व्याप नाही. घराच्या आतल्याच भागापुरत्या दुरुस्तीला 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 43 मध्ये सवलत आहे. वारसा इमारतींना ती नाही. आणि भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावायचा, तर आधी महापालिकेत विचारलेले बरे.

आता घर 1992 पूर्वीचे, हे दाखवायचे कसे? सासूबाईंनी पत्र्याची ट्रंक उघडली. आत मामंजींनी तारेत ओवून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या! ती 'अडगळ' रद्दीत घालावी, असे मीच दोनदा म्हटले होते. त्या पावत्यांनी आमचा अर्ज उभा राहिला. विसारातले मात्र वीस हजारच परत आले.

जवळ होते सात लाख. मी वहीची दोन पाने केली. एकावर, जे न केल्यास घर पडेल ते. दुसऱ्यावर, जे न केल्यास मी नुसती कुरकुर करीन ते. पहिल्या पानावर कौले, वासे, तुळई आणि खालचे न्हाणीघर. दुसऱ्यावर फरशी, रंग आणि माझा ओटा. शिवाय सत्तर हजार बाजूला ठेवले. यजमान हसले. पण भिंत उकरली तेव्हा दुसऱ्या तुळईचे टोकही वाळवीने पोखरलेले निघाले, आणि ते सत्तर हजार तिथेच गेले. जुन्या घराचा अंदाज भिंत उघडण्यापूर्वी करावा लागतो, त्याला इलाज नाही.

न्हाणीघर कोठीच्या खोलीत केले. परसातले गटार भिंतीपलीकडेच असल्याने नळाचा खर्च वाचला. नव्या मिस्त्रींना झालेले काम मोजूनच पैसे दिले. त्यांनीही ते मोकळेपणाने मान्य केले.

गेल्या पावसात पातेली स्वयंपाकघरातच राहिली. सासूबाई आता कुणाचा हात न धरता अंघोळीला जातात. ओट्याला अजून मुहूर्त लागलेला नाही. अर्जाची नक्कल कुणाला पाहायची असेल, तर दुपारी तीननंतर घरी या.