गुरुगौरवाच्या उपमा : चीनच्या आणि आपल्या
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित गुरुजन सन्मान समारंभातील भाषण)



गुरुजनांच्या सन्मानप्रसंगी कापडाच्या व्यापाऱ्याने बोलावे, ही विश्वस्तांची योजना जरा धाडसाचीच म्हटली पाहिजे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माल पारखून घेणे हा माझा व्यवसाय. म्हणून गुरूंना आपण ज्या उपमा अर्पण करतो, त्याच आज हाती घेऊन पाहाव्यात असे मनात आले.

गुरूचा गौरव उपमांनी करण्यात चिनी लोकांचा हात धरणारे थोडेच. तेथे १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षक दिन मानला जातो. परंतु त्यांच्या उपमा हजार-दोन हजार वर्षांच्या आहेत. शिष्यांना ते पीच आणि आलुबुखाराची झाडे म्हणतात. ज्याने ती लावली, त्याला उन्हाळ्यात सावली आणि पुढे फळ, असा त्यातील भाव. हान यू या विद्वानाला (इ. स. ७६८ ते ८२४) पुढच्या पिढ्यांनी ताई पर्वताची आणि उत्तरेकडील सात ताऱ्यांची उपमा दिली. ते तारे म्हणजे आपले सप्तर्षी! आपण त्या ताऱ्यांना ऋषींचीच नावे दिली आणि चिनी लोकांनी आपल्या गुरूला त्या ताऱ्यांचे नाव दिले.

माझ्या व्यवसायाच्या जवळची उपमा शुन्झी या तत्त्वज्ञाची आहे. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. निळीच्या झाडापासून निघालेला रंग झाडापेक्षा अधिक निळा असतो, तसा शिष्य गुरूच्या पुढे जातो, असा त्याच्या दृष्टान्ताचा अर्थ पुढे रूढ झाला. नैसर्गिक निळीचे रंगकाम पाहिलेल्यांना यातील आणखी एक मर्म कळेल. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढतात तेव्हा ते निळे नसते, पिवळसर हिरवे असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होते. शिष्याचेही तसेच. गुरूपाशी असेपर्यंत रंग दिसत नाही, मोकळ्या हवेत गेल्यावर तो उमटतो.

परंतु आज सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या दोन चिनी उपमा मात्र माझ्या मनाला मानवल्या नाहीत. शिक्षक म्हणजे मरेपर्यंत धागा काढणारा रेशमाचा किडा आणि जळून राख होईपर्यंत प्रकाश देणारी मेणबत्ती. या दोन्ही प्रतिमा ली शांगयिन या नवव्या शतकातील कवीच्या एकाच कवितेतल्या, आणि ती कविता मुळात विरहाची आहे! लोकांनी ती पुढे शिक्षकांच्या गळ्यात घातली. रेशमाचा धागा कसा निघतो, हे आपल्या समाजाला सांगावयास नको. धागा काढून किडा आपण होऊन मरत नाही. आतल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकतात, म्हणून तो मरतो. त्याला त्याग म्हणावे काय?

आता आपल्या घरातील ठेव्याकडे वळू. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तीस अध्ययनांपैकी अकरावे आहे 'बहुश्रुतपूजा'. त्यात बहुश्रुत मुनींना एकामागून एक सोळा उपमा दिल्या आहेत. शंखात ठेवलेले दूध, म्हणजे शुभ्रतेत शुभ्रता. काम्बोज देशाचा जातिवंत अश्व, सिंह, उगवता सूर्य, पौर्णिमेचा चंद्र, जंबू वृक्ष, सीता नदी, मेरू पर्वत, स्वयंभूरमण समुद्र. त्यात साठ वर्षांचा बलवान, अजिंक्य हत्तीही आहे. साठी ओलांडलेल्या आम्हा मंडळींनी ती उपमा अवश्य लक्षात ठेवावी. या सोळांत झिजणारी, जळणारी, संपणारी वस्तू एकही नाही. सर्व भरलेल्या, तेजस्वी, समर्थ आहेत.

या मालिकेत सूर्य-चंद्राच्या पाठोपाठ एकदम एक व्यवहारातली वस्तू येते. नानाविध धान्यांनी भरलेले, नीट राखलेले समाजाचे कोठार. काही अभ्यासकांनी येथे व्यापाऱ्यांचे कोठार असाच अर्थ घेतला आहे. 'राखलेले' हा शब्द माझ्या मते महत्त्वाचा. कोठार स्वतःची राखण करीत नाही. छप्पर, कुलूप, उंदरांपासून बचाव ही कोठाराच्या धन्याची जबाबदारी. उपमा मुनींसाठी आहे, हे मी जाणतो. शाळेच्या शिक्षकाला ती लावण्याचे स्वातंत्र्य मी घेत आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. साने गुरुजी कोकणातून आलेले. अमळनेरच्या शाळेत त्यांनी १९२४ ते १९३० या काळात अध्यापन केले, वसतिगृहातील मुलांची आजारपणे काढली. चिनी परंपरा गुरूला पिता म्हणते; गुरुजींना मात्र लोकांनी आईच्या जागी मानले. कुंभोजला जन्मलेले, आपल्याच धर्माचे कर्मवीर भाऊराव पाटील वटवृक्ष ठरले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्हही वटवृक्षच. पण त्या वडाच्या मुळाशी लक्ष्मीबाई होत्या. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. कोठार राखणे म्हणतात ते हेच.

याउलट आपल्या राज्यात २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' शाळा निघाल्या. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. तरी त्यानंतरही कित्येक शिक्षकांनी वर्षानुवर्षे विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर अध्यापन केले. शिक्षक दिनाच्या भाषणांत त्यांनाही मेणबत्ती म्हणून गौरविले गेले असेल. ज्याला वेतन द्यावयाचे नाही, त्याला मेणबत्तीची उपमा फार सोयीची पडते.

आपली पाठशाळा सरकारची नाही, आपली आहे. तेथील अध्यापक-अध्यापिकांना मिळणारे मानधन किती, हे सभागृहात जाहीर करून मी त्यांना संकोचात टाकणार नाही. विश्वस्तांना तो आकडा ठाऊक आहे. त्यात वाढ करावी आणि त्यासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी विनंती मी आज सकाळीच अध्यक्ष महोदयांकडे दिली आहे. निधीची पहिली पावती माझ्या दुकानाच्या नावे फाडावी, असेही त्यात लिहिले आहे.

जय जिनेंद्र.