कूलर आणि उघडी खिडकी



गणरायाला वंदन करून आम्ही आज एका घरगुती विषयावर बोलणार आहोत. विषय आहे कूलर. तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेरकरांना कूलर काय शिकवायचा! पण गेल्या मे महिन्यात आमच्याच घरी आईंना चक्कर आली. कूलर पूर्ण वेगाने चालू होता. ‘गार हवा बाहेर जाईल’ म्हणून खिडक्या मात्र आम्हीच घट्ट लावून घेतल्या होत्या. चूक तिथेच झाली.

कूलर हा माठाचा धाकटा भाऊ. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात बर्फासारखे गार पाच लिटर पाणी उकळीला येईल. ओल्या जाळीतून जाणारी हवा ही उष्णता स्वतःजवळची देते, म्हणून ती गार होते. बाहेरून उष्णता घ्यायची नाही, बाहेर टाकायचीही नाही. याला शास्त्रात ‘अ‍ॅडियाबॅटिक’ म्हणतात. पूर्वी दारांवर वाळ्याचे पडदे भिजवत, ते याच तत्त्वावर.

हवा मात्र कोरडी हवी. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी चांगला कूलर साधारण २७ अंशांची हवा देतो. भाद्रपदात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर दोन-अडीच अंशांपलीकडे त्याची मजल जात नाही. खिडक्या लावून आपण भर वैशाखात खोलीत भाद्रपद आणतो! मग घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. म्हणून कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा मिळावी आणि समोरून दमट हवेला वाट असावी.

हेच तंत्र कोंबड्यांच्या शेडमध्ये, हरितगृहांत आणि मोठ्या डेटा सेंटरमध्येही वापरतात. सूतगिरणीत तर त्याचा दमटपणाही कामी येतो, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. वीज वाचते, पाणी मात्र खर्ची पडते.

आता कूलर कोपऱ्यात गेले असतील. टाकीत पाणी उरले आहे का, ते आजच पाहा. डेंग्यूचा डास अशा साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. टाकी रिकामी करा, घासून कोरडी करा. आणि पुढच्या वैशाखात खिडकी उघडायला विसरू नका. आईंच्या खोलीची खिडकी आता आम्ही रोज स्वतः उघडतो.

गणपती बाप्पा मोरया!