दंडाचं माप आपणच घेऊ
(नेर येथे गावोगावच्या ग्रामसभा सदस्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मायबहिणींनो, भावांनो,

आपण एकत्र बसतो तेव्हा बोलणं वनहक्काचंच असते. दावा कुठं अडकला, नकाशा झाला का, सही कोणाची राहिली. आज आम्ही दुसऱ्या एका मापाबद्दल बोलणार आहोत. लेकराच्या आणि त्याच्या मायच्या दंडाच्या मापाबद्दल. कोणी म्हणेल, हे तर अंगणवाडीचं काम, संघटनेचं काऊन? ज्या जमिनीसाठी आपण लढतो, तिची ज्वारी, तिचा मोह, तिची रानभाजी याच पोटांसाठी आहे. आणि दावा मंजूर होईपर्यंत पोट थांबत नाही.

लेकरू एका दिवसात सुकत नाही. रोज पाहणाऱ्या डोळ्याला ते दिसतही नाही. म्हणून माप लागते. त्यासाठी मोठी मशीन लागत नाही. १९७४ साली बगदादचे डॉक्टर शाकिर आणि त्यांचे सोबती डॉक्टर मॉर्ले यांनी दाखवलं की दंडाभोवती गुंडाळायची एक पट्टी पुरते. लाल, पिवळा, हिरवा रंग असला की न शिकलेल्या बाईलाही ती वाचता येते.

माप असं घ्यावं. डावा हात कोपरात वाकवा. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध खूण करा. मग हात सैल सोडा आणि खुणेवर पट्टी गुंडाळा. कातडी दबू नये आणि फटही राहू नये.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तो लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या आत असला तर पिवळा, म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडं खड्डा राहिला तर दंड कितीही भरो, लेकरू दवाखान्यात न्या. सूज आलेलं लेकरू गुबगुबीत दिसते, तिथंच आपण फसतो.

सहा महिन्यांच्या आतल्या लेकरासाठी पूर्वी पट्टी वापरत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की सहा आठवडे ते सहा महिने वयात दंड ११ सेंटीमीटरपेक्षा कमी असला तर धोका समजावा. त्याहून लहान लेकराचं वजन करा. झोळीत टाकून लटकवायचा काटा पुरतो. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलं, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर थांबू नका. अंगावर ओढत नाही, अंग गार पडते, शांत असतानाही मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेते, तर त्याच वेळी निघा.

आता मायकडं या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचा दंड शिंप्याच्या टेपनं मोजा. २३ सेंटीमीटरपेक्षा कमी असला तर तीच उपाशी आहे. कापूस वेचायला पहाटे निघते, सर्वांना वाढून उरलं ते खाते, आणि लेकरू बारीक राहिलं की बोल तिलाच. मायहो, हे माप दोष द्यायला नाही. कोणाच्या ताटात काय कमी पडते ते पाहायला आहे.

आपल्याच विदर्भात गडचिरोलीत हे करून पाहिलं आहे. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत काम केलं. गावातल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. घरी जाऊन नवजात लेकराचं वजन, ऊब, पाजणं, श्वास पाहू लागल्या, आजार ओळखून औषध देऊ लागल्या. काम नव्हतं अशा गावांशी तुलना केली तर नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पण ध्यानात घ्या, नुसतं मोजून कोणी वाचलं नाही. मोजल्यावर कोणीतरी पुढचं केलं, म्हणून वाचलं.

पुढचं करायचा कायदा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मायला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क आहे. कुपोषित लेकरं शोधून त्यांना आहार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. ही भीक नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं तीन गोष्टी ठरवाव्या. एक, दोन बाया आणि एक तरुण यांनी आशाताईंसोबत महिन्यातून एकदा माप घ्यावं. दोन, नावं चौकात वाचू नयेत, पण किती लाल आणि किती पिवळे ते ग्रामसभेच्या वहीत लिहावं. तीन, लाल भरलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचं भाडं आणि मायची बुडणारी रोजी गावानं वाटून घ्यावी. रोजी बुडते म्हणूनच माय तिथून लवकर परत येते.

जमिनीचं माप दुसऱ्यानं घेतलं तेव्हा काय झालं ते आपण भोगलं आहे. हे माप आपणच घेऊ, आणि आकडा हातात घेऊनच कचेरीत बोलू.

जय सेवा!